फाटकावरून ये

जिन्यावर पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. वर यावं की परत फिरावं, हे न ठरलेल्या माणसाची पावलं भाऊजींना आता ओळखता येत. वहिनींच्या कचेरीत येणारी निम्मी माणसं तशीच येत.

वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. खाजगी तपासाचं काम मूळ भावाचं. तो गेला तेव्हा दारावरची पाटी उतरवायला भाऊजी स्टूल घेऊन आले होते. "पाटी राहू द्या," वहिनी म्हणाल्या होत्या, "नुसती पुसून घ्या." तेव्हापासून भाऊजी मदतीला. मदत म्हणजे बहुतेक वेळा भलत्याच माणसावर संशय घेणं. तेवढा एक माणूस मला बाद करता येतो, असं वहिनी म्हणत.

दारात आलेली बाई तिशीची असेल. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची, बोटांच्या पेरांत पांढरी भुकटी बसली होती. डावं मनगट जरा वाकडं. ती बसली तीच भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून.

"नवरा?" वहिनींनी विचारलं.

तिने मान डोलावली. मग हळूहळू सांगू लागली. गोड बोलणारा माणूस, चारचौघांत कधी आवाज चढला नाही. त्याला चहात साखर चालत नसे. एकदा चुकून साखर पडली, तेव्हा त्याने तिचं मनगट मोडलं. ती वडिलांकडे निघून आली. तो तिथे आला, तर शेजाऱ्यांनी मिळून त्याला हाकललं. तेव्हापासून तो घरी येत नाही, रस्त्यात उभा राहतो. 'चल घरी' एवढंच म्हणतो. परवा म्हणाला, "पुढच्या वेळी विचारणार नाही."

पोलीस चौकीत तिला सांगितलं होतं, रस्त्यावर उभं राहणं हा गुन्हा नाही. त्याने काही केलं तर या.

"काही केलं तर मी येणार कशी?" ती म्हणाली.

भाऊजींनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"रस्ता बदलून पाहिलास?"

"रोज बदलते. बाबा बस चालवायचे, सगळं शहर त्यांना तळहातासारखं. दुपारी दुकानातून एकदा फोन करते. एकदाच, मालक कुरकुरतात. 'आज कुठून येऊ?' विचारलं की बाबा रस्ता सांगतात. दुसऱ्या कुणाला मी बोलत नाही. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या कानावर पडतं तेवढंच. तरी तो बरोबर तिथेच उभा."

आणि आता तो घरातही शिरला होता. लग्नाचा फोटो तिने ट्रंकेच्या तळाशी घातला होता. सोमवारी ती घरी आली, तर फोटो भिंतीवर. बाबा दुपारी आतून कडी लावून झोपतात. त्यांना विचारलं, तर म्हणाले, मला काय माहीत. तिने फोटोला हात लावला नव्हता. रात्रभर दिवा जाळून बसली होती.

"किल्ली आणखी कुणाकडे?"

"घरमालकिणीकडे."

भाऊजींनी लगेच वहिनींकडे पाहिलं. वहिनी छताकडे पाहत होत्या.

घरमालकीण जिन्याखाली खुर्ची टाकून बसलेली असे. तिच्या नजरेतून मांजरही सुटत नव्हतं. फोटो लागला त्या दिवशी परका कुणी वर गेला नाही, हे तिने ठासून सांगितलं. पुन्हा तमाशा नको म्हणून बापलेकीने जागा सोडली तर बरंच, हेही लपवलं नाही. किल्लीचं विचारताच मात्र ती उखडली.

"आतून कडी असते. मी काय भूत आहे, फटीतून शिरायला?"

मग जरा निवळली. पोरगी गुणाची आहे म्हणाली. म्हाताऱ्याला दुपारी दोन-दोनदा फोन करते. दुसऱ्या फोनवर तर तो असा खुलतो, की हसणं खाली ऐकू येतं.

"हिनेच कळवलं असणार," बाहेर पडल्यावर भाऊजी म्हणाले. "जागा रिकामी करून हवी आहे."

"रस्ता फोनवर ठरतो, तिला खालून नुसतं हसणं ऐकू येतं," वहिनी म्हणाल्या. "पुढे चला."

दुकानातली मैत्रीण लोकांचे डोळे तपासायची. तिने आधी काही माहीत नसल्याचं सांगितलं, मग रडू लागली. गेल्या आठवड्यात बाबांनी लाकडाच्या वखारीवरून यायला सांगितलं होतं. पण निघताना हिचा पाय मुरगळला आणि मालकांनी स्कूटरवर बसवून बाजाराच्या रस्त्याने घरी सोडलं. मैत्रिणीचं घर वखारीकडेच. ती गेली, तर हिचा नवरा तिथे घड्याळ बघत उभा. हिला सांगितलं तर आणखी घाबरेल, म्हणून ती गप्प राहिली होती.

"गप्प का राहिली?" भाऊजी पुटपुटले. "हीच असणार."

"भाऊजी, आज दोघी झाल्या. एक दिवस माझ्यावरही संशय घ्याल."

वडील उंच, ताठ गृहस्थ होते. पाहुण्यांना त्यांनी उठू दिलं नाही, चहा स्वतः केला. फाटकावरून आलात का, असं विचारलं. गाडीची वेळ आहे, फाटक बंद मिळालं असेल म्हणाले.

"बाबा, तिथे पूल होऊन किती वर्षं झाली," मुलगी हलकेच म्हणाली. तेही हसले. हो, पूलच.

फोटो आरामखुर्चीच्या बरोबर समोर होता. वहिनींनी तो जवळून पाहिला. काच लख्ख पुसलेली, मागची दोरी नवी, गाठ पक्की.

चहाचा ट्रे आला. माणसं चार, कप पाच. एका कपावर बशी झाकलेली. "यात साखर नाही हं," वडील म्हणाले. भाऊजींना डॉक्टरांनी साखर तोडली होती. न सांगता म्हाताऱ्याने कसं ओळखलं, याचं कौतुक करत त्यांनी तो कप उचलला. एक गोड कप तसाच उरला. वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला एवढंच सांगितलं, की नेहमीसारखा फोन कर, रस्ता विचार, आणि दुकानातून हलू नकोस. तुझी शाल मला दे.

बाबांनी वखारीचा रस्ता सांगितला.

दिवेलागणीला वहिनी डोक्यावरून तपकिरी शाल घेऊन वखारीपाशी चालत निघाल्या. ओंडक्यांच्या ढिगामागे भाऊजी आणि ओळखीचे हवालदार उभे होते. वहिनींच्या संधिवाताच्या गुडघ्यांचा भाऊजींनी आजवर एवढा विचार कधी केला नव्हता.

तो पुढे आला. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. या वेळी त्याने खरंच विचारलं नाही. एका हाताने मनगट पकडलं, दुसऱ्याने तोंड दाबलं आणि वखारीच्या अंधाऱ्या बोळाकडे ओढू लागला.

हवालदारांनी त्याची मान धरली, तेव्हा शाल घसरली आणि पांढरे केस दिसले.

"मला वाटलं, माझी बायको आहे," तो म्हणाला.

"तेच लिहून घेतो," हवालदार म्हणाले.

दुकानाच्या मागच्या खोलीत, घासायच्या काचांच्या रांगेपुढे, वहिनी लाल झालेलं मनगट गार पाण्यात बुडवून बसल्या. मुलगी समोर होती. भाऊजी दाराशी.

"तो तुझ्या मागावर नव्हता," वहिनींनी सुरुवात केली. "पाय मुरगळला त्या दिवशी तू बाजाराने गेलीस आणि तो वखारीपाशी ताटकळला. त्याला ठरलेला रस्ता कळला, बदललेला नाही. मैत्रिणीला दोन्ही माहीत होते. तिने सांगितलं असतं, तर तो तिथे घड्याळ बघत बसला नसता. घरमालकिणीला एकही माहीत नव्हता."

"मग राहिलं कोण?" भाऊजींनी विचारलं. पण विचारता विचारताच त्यांना तो बिनसाखरेचा कप आठवला.

"तू एकदाच फोन करतेस. घरी दोनदा येतो. दुसरा कुणाचा, ज्याच्याशी तुझे बाबा एवढं हसून बोलतात?" वहिनींचा आवाज खाली आला. "दाराला आतून कडी होती, म्हणजे फोटो घरातल्याच माणसाने लावला. घाबरवणारा माणूस काच पुसत नाही गं. लेकीच्या लग्नाचा फोटो भिंतीवर का नाही, म्हणून कुणीतरी तो शोधला, नवी दोरी बांधली, खुर्चीत बसून दिसेल असा लावला. आणि विसरून गेला. पाचवा कप भाऊजींचा नव्हता. घरात साखर न घेणारं माणूस कोण, ते तूच मला सांगितलंस."

मुलगी उठून उभी राहिली. "बाबांनी मला त्याच्या हाती दिलं?"

"त्यांना फाटक आठवतं, पूल नाही. तुझं लग्न आठवतं, मनगट नाही. रोज दुपारी जावई फोन करतो, आज ती कुठून येणार, मी घ्यायला जातो म्हणतो. बापाला बरं वाटतं. लेक एकटी येणार नाही."

मुलीने रांगेतली एक काच उचलली, पुन्हा जागेवर ठेवली.

"बाबा विसरतात, ते मला दिसत होतं," ती अखेर म्हणाली. "वय झालं, असं स्वतःलाच सांगत होते. एवढा एकच माणूस उरला होता सांगायला."

"एकच का?"

"लाज वाटायची."

"लाज त्याने बाळगायची. उद्या घरमालकिणीला सांग, मालकांना सांग, कोपऱ्यावरच्या वाण्यालाही सांग. सुटून येईल तेव्हा चार जणांचे डोळे त्याच्यावर हवेत. घरच्या फोनचा नंबर बदलून घे."

"आणि बाबांना?"

वहिनी उठल्या. त्यांनी हात पुसून शाल घडी करून तिला परत दिली.

दोघं तिला घरापर्यंत सोडायला गेले. वडील गॅलरीत दिवा लावून उभे होते. मुलीने वर जाऊन भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. तो तिने काढला नाही. वडिलांची आरामखुर्ची तेवढी उचलून खिडकीकडे वळवली.

"उशीर झाला," वडील म्हणाले. "कुठून आलीस?"

भाऊजी दाराबाहेर थांबले होते. आतून तिचा आवाज आला.

"फाटकावरून, बाबा."

"उघडं होतं का?"

"हो," ती म्हणाली. "आज उघडं होतं."