लाल टाक्यांची चप्पल

टाकेबाईंनी आयुष्यात कधी कशाला "पुरे" म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. भाजी मोजून झाली की, "अजून थोडी घाल रे." चहा ओतला की, "अजून थोडा." सकाळी हलवून उठवलं तरी डोळे मिटूनच, "अजून थोडं."

"आई, तुला वर न्यायला आले ना, त्यांनाही तू दारात ताटकळत ठेवशील," मुलगी म्हणायची.

"ठेवीन की. त्यांना कुठे दुसरीकडे जायची घाई असते?"

गल्लीभर लोकांचे कपडे शिवून शिवून बाईंना हे नाव पडलं होतं, आणि शिवून शिवूनच उजव्या खांद्याखाली एक गाठ आली होती. कोटाच्या बटणाएवढी. मशीनवर बसलं की ती आतून अशी कळ मारायची की सुईत दोरा जायचा नाही.

"शाळेच्या रस्त्यावर मालिशचं नवीन दुकान उघडलंय," मुलीने कामावर जाता जाता सांगितलं. "पहिल्या दिवशी फुकट आहे. जाऊन ये."

"फुकट म्हणजे हात लावतात, की नुसतं लांबून बघतात?"

"जा गं. आणि भिंगरीला विसरू नकोस."

भिंगरीला विसरतील त्या टाकेबाई कसल्या? भिंगरी म्हणजे नात. पहिलीतली, पायाला चाकं लावलेली. शाळा सुटली की फाटकात ही गर्दी, आणि ही एवढीशी. तिला नुसते पायच दिसायचे. एकदा भलत्याच आजीचं बोट धरून पार कोपऱ्यापर्यंत गेली होती.

मग त्यांनी स्वतःच्या चपलेच्या पट्ट्यांवर लाल दोऱ्याने जाड तिरके टाके घातले आणि नातीला समोर बसवलं.

"तोंड बघायचं नाही. गोड तोंड कुणीही करतं. आवाजही कुणाला काढता येतो. काय बघायचं?"

"चप्पल."

"लाल टाके नसतील तर?"

"ती माझी आजी नाही."

"आणि दारात कुणी आलं तर?"

"साखळी काढायची नाही. फटीतून पाय बघायचे."

"शाब्बास माझी बाई."

तर त्या दुपारी टाकेबाई घरातून निघाल्या. शाळा सुटायला भरपूर वेळ होता. दुकान शाळेला अगदी खेटून, भिंतीला भिंत. आधी तिथे कुलपं दुरुस्त करणारा बसायचा. आता पांढराशुभ्र रंग दिलेला, अजून ओला वास येत होता. दार ढकललं तर वरची घंटी किणकिणली.

आत एकच खोली, एकच पलंग. मालिशवाली बाई भिंतीला टेकून उभी होती, जणू मघापासून वाटच बघतेय. अंगात पांढरे कपडे, पाय अनवाणी. चेहरा असा, की नजर वळवली की लगेच विसरावा. हात मात्र रुंद होते, आणि जवळ उभं राहिलं तरी त्यांची ऊब लागत होती.

"चप्पल इथेच काढा."

"काढते. सांभाळ हं, दिसायला जुनी आहे, पण माझा सगळा जीव तिच्यात."

बाई वाकली आणि लाल टाक्यांवरून हळूच बोट फिरवलं. "तुम्हीच घातलेत?"

आता कौतुकाने कुणी विचारल्यावर टाकेबाई गप्प बसणार? फाटकातली गर्दी, भलती आजी, तोंड न बघता पाय बघणारी नात, सगळं त्यांनी तिखटमीठ लावून सांगितलं. बाई मन लावून ऐकत होती. मधेच तिने एकदा विचारलं, "तोंड अजिबात बघत नाही?"

"अजिबात. माझी शिकवण आहे."

पलंगाला डोक्याकडे एक भोक होतं. पालथं झोपायचं आणि तोंड त्या भोकात ठेवायचं. खाली करड्या फरशीचा तुकडा दिसत होता, आणि त्यावर बाईचे दोन अनवाणी पाय.

"तुम्ही पुरे म्हणाल तेव्हा थांबेन," वरून आवाज आला.

"मग आज तुझं काही खरं नाही," टाकेबाई भोकातूनच हसल्या.

हात पाठीवर टेकले. अगं बाई, काय ते हात! मानेपासून खाली येत गेले, तसं अंग कोमट पाण्यात भिजत घातलेल्या कापडासारखं सैल होत गेलं. मग अंगठा खांद्याखाली शिरला आणि नेमका गाठीवर येऊन थांबला.

"ही काढून घेऊ?"

"घे बाई. तुलाच ठेव."

अंगठा आत रुतला. काहीतरी सुटलं. उसवताना शेवटचा टाका सुटावा, तसं. दुखणं एकदम नाहीसं झालं.

"पुरे?"

"अजून थोडं."

खालचे पाय फरशीवरून बाजूला झाले आणि दिसेनासे झाले. पाठीवरचे हात चालूच होते. तेल घ्यायला वळली असेल, टाकेबाईंना पेंगुळल्यापेंगुळल्या वाटलं. पण तेल घ्यायला वळली, तर हात कसे चालू?

पाय परत आले. आता त्यांच्यात चप्पल होती.

लाल टाक्यांची.

"अगं, ती माझी," असं म्हणायला टाकेबाईंनी तोंड उघडलं. म्हणजे उघडायला गेल्या. जबडा हलेना. जीभ दातांच्या आत गोळ्यासारखी पडून राहिली. अंगातला एकूण एक स्नायू असा सैल पडला होता की बोटसुद्धा उचलेना.

"पुरे?" खालून, त्या चपलांच्या बाजूने विचारणा झाली. आवाज टाकेबाईंचाच होता.

चपला वळल्या. उजवा पाय किंचित ओढत दाराकडे निघाल्या. टाकेबाईंचा उजवा पाय असाच ओढायचा, मशीनचं पायडल मारून मारून. दारावरची घंटी किणकिणली. दार मिटलं.

पाठीवरचे हात थांबले नाहीत.

समोर नुसती फरशी. तिथे कुणाचेच पाय नाहीत. आणि हात मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून कमरेवर, शांतपणे, मन लावून, दाबतायत.

भिंतीपलीकडे शाळेची घंटा झाली.

मुलांचा गलका उठला. फाटक करकरलं. टाकेबाईंना ते सगळं पडल्या जागी दिसत होतं. गर्दी. खाली मान घालून पाय शोधणारी एवढीशी पोर.

पुरे, त्या मनात म्हणाल्या. हात दाबत राहिले.

पुरे. पुरे गं बाई.

गलका विरळ झाला. दूर गेला.

आयुष्यात कधी न वापरलेला तो शब्द ओठांपर्यंत ओढून आणताना त्यांच्या डोळ्यांतलं पाणी भोकातून फरशीवर टपकलं. ओठ मिटले. सुटले.

"पु... रे."

हात उचलले गेले.

खोलीत कुणी नव्हतं. दाराशी चप्पल नव्हती. टाकेबाई तशाच अनवाणी रस्त्यावर धावल्या. फाटकाला शिपाई कुलूप लावत होता.

"माझी नात?"

शिपायाने त्यांना खालपासून वर न्याहाळलं. "अहो, आत्ता तर घेऊन गेलात तुम्ही. काही विसरलं का?"

त्या घराकडे धावल्या. तळपाय पोळले, टाचेत काच गेली. एवढं धावूनही खांदा मात्र दुखत नव्हता. जरासुद्धा नाही.

दार आतून बंद होतं. बाहेर चप्पल नव्हती. आत मशीन चालू होतं, खडखड, खडखड, मधेच थांबत होतं. टाकेबाईंनी दार वाजवलं.

साखळीपुरतं दार उघडलं. फटीत भिंगरी. सुखरूप. गालाला बिस्किटाचा चुरा लागलेला. टाकेबाईंचा जीव भांड्यात पडला.

"भिंगरे, उघड गं. साखळी काढ. मी आहे, आजी."

भिंगरीने वर बघितलंच नाही. मान खाली घालून तिने त्या रक्ताळलेल्या, अनवाणी पावलांकडे नीट बघितलं.

"भिंगरे, वर बघ. एकदा माझ्या तोंडाकडे बघ."

"तोंड बघायचं नसतं," भिंगरी शहाण्यासारखी म्हणाली.

"अगं, माझा आवाज तरी ओळख."

"आवाज कुणालाही काढता येतो." आणि तिने आत वळून हाक मारली, "आजी, कुणीतरी आलंय. पण चप्पल नाहीये."

"मग लाव दार," आतून उत्तर आलं. "शाब्बास माझी बाई."

दार लागलं. कडी सरकली.

टाकेबाईंनी दाराला कान लावला. मशीन थांबलं होतं. इवली पावलं आत पळत गेली.

"ये, इथे दाब जरा. खांद्याच्या खाली. लागली का हाताला गाठ?"

"हो. बटणाएवढी आहे."

"हां, तिथेच." आतली बाई सुखाने कण्हली. "अजून थोडं."