येटो

ही घटना खरी आहे. जिच्या घरात घडली ती अजरा माझी मावसबहीण. तिने मला ती एकदाच सांगितली. पुन्हा विचारलं की विषय बदलते.

तुम्हाला खोटी वाटली तर उत्तमच. सुखाने झोपाल.

वेळ सकाळची, गेल्या जानेवारीतली. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी दुबईकडच्या अल ऐनचं हिवाळ्यातलं धुकं पाहिलेलं नाही. आणि हे अल ऐन समुद्रापासून दीड तास लांब आहे, एवढं लक्षात ठेवा.

अजरा पनवेलची. लग्न होऊन रत्नागिरीकडच्या घरात गेली, तिथून नवऱ्यासोबत इकडे आली. ती एका हॉस्पिटलच्या फार्मसीत. नवरा जहूर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका फॅक्टरीत, रोजची लांबची ये-जा. मुलगा अर्श सहा वर्षांचा.

दृष्ट लागावी असा संसार. भांडण एकाच शब्दावरून.

आपल्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतात, आणि घरात राहिलेलं माणूस 'या' म्हणतं. जहूरच्या घरात सगळं उलटं. तिथे लहानथोर सगळे 'जातो' म्हणायचे. उंबऱ्यावर 'येतो' म्हणायला बंदी.

अजराच्या काळजात रोज सकाळी चर्र व्हायचं.

"का पण?" तिने नवी नवरी असताना विचारलं होतं.

"साहेबामुळे," जहूर हसत म्हणाला होता.

साहेब म्हणजे जहूरचा पूर्वज. खराखुरा इंग्रज.

एडमंड त्याचं नाव. गावाने त्याचं अदमनसाहेब करून टाकलं. कंपनी सरकारच्या जहाजातून आला तेव्हा धड मिसरूडही फुटलं नव्हतं. तापाने फणफणलेला. जहाजवाल्यांनी त्याला खाडीकाठी उतरवलं आणि शीड उभारून चालते झाले. तिथल्या एका तांडेलाने, म्हणजे गलबत चालवणाऱ्याने, त्याला उचलून घरी आणलं. पडवीत खाट टाकून दिली. तांडेलाच्या मुलीने, मरियमबीने, त्याला पेज भरवली.

साहेबाने एका रात्रीपुरती पडवी मागितली होती.

मग तो माजघरात आला. मग कलमा पढून जावई झाला. मग कंपनीला खाडीची खोली मोजून दिली आणि बक्षीस म्हणून खाडीच मागून घेतली. येणाऱ्याजाणाऱ्या होड्यांवर पट्टी बसवली. जो भरणार नाही त्याची होडी जप्त, साहेबाच्या धक्क्याला. सासऱ्याचं गलबतही त्यातून सुटलं नाही.

घरचे सांगतात, साहेबाने आंब्याची कलमं लावली, विहीर बांधली, सगळ्या खानदानाला घारे डोळे दिले. गाव सांगतं, साहेबाने जिथे पाय ठेवला तिथून तो कधी उठला नाही.

जहूरला त्याचा भारी अभिमान. ऑफिसात मॅनेजरला 'आय ॲम पार्ट ब्रिटिश' असं ऐकवायचा. त्याने पगार काही वाढला नाही, ते सोडा.

साहेबाला मराठीतलं सगळं आलं. एक 'त' तेवढा आला नाही. 'येतो' त्याला कधी म्हणता आलं नाही.

तो म्हणायचा... 'येटो.'

अर्शचंही तसंच. इंग्लिश शाळेतलं पोर, मराठी बोललं की 'त'चा 'ट' व्हायचा. जहूर त्याला चिडवायचा, "बघ, साहेब आला आमचा."

तर ती सकाळ.

खिडकीबाहेर पांढरं. समोरची खजुराची झाडं गायब. शाळेने सुट्टी दिली होती आणि अजराचाही ऑफ होता. बाहेर मुनीर गाडी घेऊन उभा होता. तो जहूरचा ऑफिसातला सोबती, दोघं एकाच गाडीने जायचे.

"आज नका ना जाऊ," अजरा म्हणाली. "रस्ता तरी दिसतोय का?"

"अगं, ऑडिटवाले येतायत. मुनीर चालवतोय, हळूहळू जाऊ."

"मग एकदा तरी 'येतो' म्हणा. माझ्यासाठी."

"अम्मीने ऐकलं तर..."

"अम्मी रत्नागिरीत आहेत."

हॉर्न वाजला. "यल्ला, चला जहूरभाई!"

जहूरने तिच्या तोंडाकडे पाहिलं. हसला.

"बरं बाई. येतो."

"या," अजरा म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचं मन हलकं झालं.

दोन पावलांत जहूर धुक्यात दिसेनासा झाला.

तिने दार लावलं. चहा ठेवला. आणि तिच्या लक्षात आलं की बाहेर काहीच आवाज नाही. रोज अंगणात मैना नुसता कलकलाट करतात. त्या गप्प. रस्त्यावर एक गाडी नाही.

मग वास आला.

ओहोटीला उघड्या पडलेल्या खाडीचा वास. चिखलाचा, कुजक्या कालवांचा. सासरी गेली की तिला तो पहिल्या दिवशी नकोसा व्हायचा. पण इथे? या वाळवंटात?

तिने सिंकमध्ये वाकून पाहिलं. सिंक कोरडं होतं.

आणि बाहेरून आवाज आला...

चुबुक.

चुबुक.

कोणीतरी पाण्यात वल्हं मारत होतं. सिमेंटच्या अंगणात.

"येटो..."

दाराशी कोणीतरी बोललं.

"अर्श! दाराशी खेळू नकोस म्हटलं ना!"

"मम्मा, आय ॲम हिअर."

अर्श तिच्या मागेच होता. ओट्याला टेकून बिस्किट खात.

तिने जहूरला फोन लावला. लागेना. मुनीरचाही लागेना. मग तिने सासूला लावला. सगळं सांगितलं. वास, पाणी, आवाज.

सासूने एकच विचारलं, "जहूर काय बोलून निघाला?"

"...येतो."

"आणि तू?"

"मी 'या' म्हटलं, अम्मी."

"या अल्ला... काय केलंस गो हे?"

"अम्मी, मला काहीच माहीत नाही. सांगा तरी!"

"साहेब गेला ती सकाळही अशीच होती. धुक्याची. मुंबईला निघालेला. उंबऱ्यावर 'येटो' म्हणाला, मरियमबी 'या' म्हणाली. खाडीच्या तोंडाशी गलबत उलटलं. मयत काही मिळाली नाही. चाळिसाव्या दिवशी दाराशी आवाज आला, 'येटो.' तिला वाटलं, आला नवरा. तिने परत 'या' म्हटलं."

"मग?"

"तिचा थोरला लेक त्या दिवशी होडी घेऊन गेलेला. सांजेला परत आला. चांगला जिवंत, हातीपायी धड. पण मरेपर्यंत त्याला 'त' म्हणता आला नाही."

अजराने फोन कानाशी घट्ट धरला.

"ऐक. तो घरच्याच माणसाच्या आवाजात बोलेल. 'ट' आला तर 'जा' म्हण. 'त' आला तर तो माझा जहूर आहे, त्याला 'या' म्हण. नीट ऐक गो. कान देऊन ऐक."

फोन कट झाला.

चुबुक... चुबुक...

आवाज पायरीपर्यंत आला. थांबला.

"अजरा..."

जहूरचा आवाज. तिच्या नवऱ्याचा. अगदी तोच.

"अजरा... येटो."

ट. तिने स्वच्छ ऐकला.

'जा' म्हणायचं होतं. पण जिभेवर येईना. नवरा अशा धुक्यात रस्त्यावर असताना, त्याच्याच आवाजाला कोणती बाई 'जा' म्हणेल? ती दाराला हात लावून उभी राहिली. पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. लाकडावर आतून पाणी सुटल्यासारखा ओलावा आला होता.

मग पुन्हा आवाज आला. या वेळी लांबून. धाप लागलेला, धावत येणाऱ्या माणसाचा.

"अजरा! ये..."

"पापा!" अर्श धावला. त्याचा हात कडीवर.

"जा!" अजरा किंचाळली.

तिचा शब्द आणि बाहेरचा शब्द एकमेकांवर आदळले.

सगळं थांबलं. वास गेला. दार कोरडं. अंगणात एक मैना ओरडली.

अर्श तिच्याकडे बघत होता. रडायच्या बेतात.

"मम्मा, दॅट वॉज पापा. व्हाय डिड यू टेल हिम टू गो?"

दुपारी मुनीरचा फोन आला.

"भाभी, घाबरू नका. मागून गाडी ठोकली. जहूरभाई ठीक आहेत आता." मग त्याचा आवाज खाली आला. "मध्ये श्वासच नव्हता, भाभी. मला वाटलं, खलास. मग एकदम खोकले. तोंडातून पाणी आलं. कुठलं पाणी, अल्लालाच माहीत. माझ्या हातावर सुकलं तर मीठ राहिलं."

जहूर घरी आला. दातांखाली येऊन जीभ फाटली होती, टाके पडले होते. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात बोलणं पहिल्यासारखं होईल. तोवर मऊ खायचं.

"पेज कर," जहूर म्हणाला. आजवर त्याने पेजेला तोंड लावलं नव्हतं. आजाऱ्याचं खाणं म्हणायचा.

"आणि आज मी हॉलमध्येच झोपटो. एका राट्रीपुरटं."

अजरा तिथेच खाली बसली.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. जहूर बेडरूममध्ये झोपतो. जीभ कधीच भरून आली. माणूस चांगला आहे, मुलाचे लाड करतो, कामावर जातो. साहेबावरून मात्र त्याला आता चिडवत नाही. पेज अजून लागते.

आणि 'त' अजून आलेला नाही.

डॉक्टर म्हणतात, होतं असं कधीकधी. मलाही तेच खरं वाटायला हवं आहे.

पण घरी आल्यावर पहिल्यांदा आईशी व्हिडिओ कॉल झाला, तेव्हा फोन ठेवताना तो म्हणाला, "येटो, अम्मी." सासू स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिली. पोटच्या मुलाचा चेहरा. तिने 'या' न म्हणता फोन बंद केला. त्यानंतर तिने त्याचा फोन उचललेला नाही. अजराचा उचलते, पण आधी विचारते, "तो जवळ आहे का?"

अजराला एकच प्रश्न खातो. दाराबाहेरचा तो शेवटचा शब्द. 'येटो' होता... की 'येतो'?

तिने घालवलं कोणाला?

मी परवा त्यांच्याकडे गेले होते. निघताना उंबऱ्यावर काय म्हणावं तेच सुचेना. जहूर सोफ्यावरून माझ्याकडे बघत होता. मी काहीच न बोलता निघून आले.

रोज सकाळी तो म्हणतो, "येटो." अजरा उत्तर देत नाही. गाडी वळणावरून गेली की ती पुन्हा दार उघडते आणि मोकळ्या रस्त्याकडे बघून हळूच म्हणते, "या."

आता परत धुक्याचे दिवस आलेत. हल्ली अर्शही तिच्या शेजारी येऊन उभा राहतो. तिचा हात धरतो.

"लाउडर, मम्मा," तो म्हणतो. "ही कांट हिअर यू."