बोर्डाकडे झुकणारी तार

तार संपली होती म्हणून सकाळी बाजारात गेलो. इथूनच सुरुवात करतो, कारण त्या सकाळी वेगळं असं काहीच नव्हतं. आभाळ स्वच्छ होतं, कुत्री रडत नव्हती, आणि माझं डोकं नेहमीइतकंच फिरलेलं होतं.

तारवाल्याने केसाहून बारीक तांब्याच्या तारेचं रीळ पुढे सरकवलं. म्हणाला, "अजून त्या गिटारच्याच भानगडी? तुझ्या बापाने निम्म्या शहराच्या मोटरी भरल्यात."

"मग निम्मं शहर त्यांना बक्षीस द्या," म्हटलं आणि निघालो.

गिटारच्या तारांखाली एक लांबट पट्टी असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याच्याभोवती या बारीक तारेचे आठ हजार वेढे. गिटारची तार थरथरली की ही कॉइल ते ऐकते आणि अँप्लिफायरला सांगते. मी हे पिकअप घरी बनवतो. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. का सोडला? तर लॅबमध्ये मेन स्विचला हात लावायची वेळ आली की माझा हात कोपरापासून लुळा पडायचा.

त्याचं कारण घरात सगळ्यांना पाठ आहे. सात वर्षांपूर्वी आमच्या मागच्या खोलीत, जिथे बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटरींत नवी तार भरायचं, काम चालायचं, दादा एका मोटरीच्या उघड्या वायरी हातात धरून बसला होता. मेन त्याने स्वतः खाली केला होता. कुणीतरी तो वर केला.

कुणी? तर मी. असं बाबा सांगतात. मी तेव्हा चौदाचा, तापाने फणफणलेला. तापाच्या भरात उठलो, पंखा बंद दिसला, मागच्या खोलीच्या दारातून आत हात घालून मेन वर केला आणि येऊन पुन्हा झोपलो. मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. पण सात वर्षं कानीकपाळी ओरडलं तर कुणालाही आठवायला लागेल. मामा, काका, आत्या, ज्याला म्हणून हात आहे त्याने तो माझ्या डोक्यावर ठेवून म्हटलंय, "जाऊ दे, लेकरू होतं." मोठी माणसं माफ फार झकास करतात. खरं-खोटं तपासायचा तेवढा त्यांना कंटाळा. आईने तर त्याच आठवड्यात माफ केलं. त्या खोलीत ती पाऊल टाकत नाही, पण जेवायला बसलो की पहिलं ताट माझं.

मला माफी नको होती. तो हात माझा होता की नव्हता, एवढं एकदा कुणीतरी खात्रीने सांगावं, बस.

काम मी त्याच खोलीत करतो. दुसरी जागा नाही. बाबांचं हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन होतं, त्याला मी शिलाई मशीनची मोटर जोडली. एका दाढीवाल्या गिटारवाल्याला दोन पिकअप हवे होते, आणि आठवडाभर एकही कॉइल धड होत नव्हती. वेढे एका टोकाला जमायचे. दुसरं टोक चपटं, हे टोक गळू आल्यासारखं फुगलेलं. त्या फुगवट्यात तार सैल. नखाने दाबलं तर आत जायची.

पहिल्यांदा वाटलं बॉबिन वाकडी असेल, म्हणजे तार गुंडाळतात तो साचा. बदलली. मग वाटलं मशीनचा दांडा लचकत असेल. पट्टी लावून बघितला, सरळ. तार फेल्टच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, दोन तुकड्यांमधून ओढून घेतो, म्हणजे ताण सारखा राहतो. ते तुकडेही नवे घातले. पुन्हा तेच गळू, त्याच टोकाला.

बाबा दारात उभे राहून बघायचे. आत येत नाहीत तेही. दारातून सल्ला मात्र फुकट.

"मशीनला नावं ठेवू नकोस. हात दचकतोय तुझा."

"माझा हात शांत आहे, बाबा."

"चाळीस वर्षं तारेत घातली मी. तार खोटं बोलत नाही. एका बाजूला आलास की तू हात मागे घेतोस."

"मग तुम्ही गुंडाळून दाखवा."

"माझे हात कापतात आता."

"तोंड तेवढं कापत नाही."

"कॉलेज सोडलंस तेव्हा बोललो का काही?"

"तेव्हापासून दुसरं काय बोललात?"

बाबा गेले. पण शब्द डोक्यात राहिला, म्हणून मी माझा हातच मधून काढून टाकला. मोटरीवर फिरणारी एक चकती बसवली. ती तारेला डावीकडून उजवीकडे आणि परत, आपोआप, मोजूनमापून नेते. मी लांब, खुर्चीत, हात मांडीखाली दाबून बसलो. आठ हजार वेढे झाले. मशीन थांबलं.

फुगवटा त्याच टोकाला.

मग मी अख्खं मशीन उचलून उलटं फिरवून ठेवलं. नवी कॉइल भरली. आता फुगवटा बॉबिनच्या दुसऱ्या टोकाला आला. बरं वाटलं क्षणभर, काहीतरी बदललं म्हणून. मग नीट बघितलं. बॉबिनचं टोक दुसरं होतं, खोलीची बाजू तीच. दाराकडची. दाराशेजारी मेनचा बोर्ड आहे.

टेबल आडवं लावलं. आता दोन्ही टोकं बोर्डापासून सारखीच लांब. वेढे भरले, मशीन थांबलं, आणि कॉइलचं पोट बोर्डाकडे आलेलं. गरगर फिरणाऱ्या वस्तूला एक बाजू नसते हो. ती कशी काय एकाच दिशेला सुजेल? खोलीत मोटरीच्या वेढ्यांवर चढवतात त्या वार्निशचा जुना, करपट वास सुटला होता. सात वर्षं झाली, तिथे कुणी वार्निश तापवलेलं नाही.

दुपारचे तीन असतील. उन्हं खिडकीतून टेबलापर्यंत आलेली. मी स्वतःला म्हटलं, फुगली तर फुगली, वाजते कशी बघू. कॉइल अँप्लिफायरला जोडली. सैल गुंडाळलेल्या कॉइलची एक खोड असते: ती गिटार सोडून सगळंच ऐकते. टकटक केलं, स्पीकरमधून टकटक आली. जवळ जाऊन "हॅलो" म्हटलं, माझं "हॅलो" डब्यात बोलल्यासारखं परत आलं. वेढे मोकळे असले की ते माइकसारखे हलतात. यात भुताटकी नाही, हे पुस्तकात आहे.

मी बोलायचा थांबलो. स्पीकर थांबला नाही.

चपलांचा आवाज. फरशीवर घासत, घाईघाईने येणारा; घरात असं फक्त आई चालते. मी दाराकडे बघितलं. कुणी नव्हतं. चपला दारापाशी थांबल्या. मग 'खट्'. मेन वर जातो तेव्हा होतो तो आवाज. चपला परत गेल्या. मग एक गुणगुण सुरू झाली, जड, दातांत बसणारी, आणि तिच्या खालून, दात आवळून कुणीतरी म्हणालं,

"आई… बंद कर… आई…"

दादाचा आवाज मी सात वर्षांनी ऐकत होतो. रडायला हवं होतं. मी हसलो. खरं सांगतो, तोंडावर हात धरून हसलो. सात वर्षांत पहिल्यांदा माझा हात मला माझा वाटला.

मग बाबांना बोलावलं. दारातून नाही, दंडाला धरून आत आणलं. स्पीकरसमोर उभं केलं. चपला आल्या. खट्. चपला गेल्या. "आई… बंद कर…" बाबा भिंतीला टेकत खाली बसले.

"माहीत होतं तुम्हाला," मी म्हटलं.

"हळू बोल. ती स्वयंपाकघरात आहे."

"माहीत होतं."

"मिक्सर चालेना म्हणून आली… दारातूनच हात घातला. तो टेबलामागे होता, दिसला नाही. मी मागच्या गल्लीतून, खिडकीतून बघितलं तिला. मागाहून तिनेच त्याला पाहिलं आणि कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा ती दुपारच डोक्यातून गेलेली. सारखी विचारत होती, कुणी केलं, कुणी केलं… काय सांगायचं होतं मी?"

"खरं."

"ती जगली नसती."

"आणि मी?"

"तू लहान होतास. लहानांना लोक माफ करतात."

"मला विचारलंत?"

बाबा कॉइलकडे बघत म्हणाले, "मेणात बुडव ती."

सैल कॉइलचा तोच इलाज आहे. मेण वितळवायचं, कॉइल त्यात बुडवायची; मेण वेढ्यांमधल्या फटीत शिरतं, गोठतं, आणि कॉइल गिटारखेरीज सगळ्याला बहिरी होते. मला हे ठाऊक होतं. आणि मला हेही ठाऊक होतं की अँप्लिफायर उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायला मला बारा पावलं पुरतील.

आतून आईने हाक मारली, "दोघं एका खोलीत? आज सूर्य कुठे उगवला? चहा टाकू का?"

"टाक," मी म्हटलं.

आणि मेण तापायला ठेवलं. बापाच्या सांगण्यावरून नाही, एवढं लक्षात ठेवा. त्यांच्याशी मी त्यानंतर बोललेलो नाही. पण तिचा तो आवाज ऐकला आणि माझ्याच्याने झालं नाही. म्हणजे शेवटी मीही तेच केलं जे त्यांनी केलं. मोठं होणं म्हणतात ते हेच असेल.

कॉइल मेणात सोडली की बुडबुडे येतात, अडकलेली हवा बाहेर पडते. दहा मिनिटांत थांबतात. ते तासभर येत होते. एकसारखे नाही, थांबून थांबून. धाप लागल्यासारखे. मग एकदम बंद. गार झाल्यावर जोडून बघितली. टकटक केलं, काही नाही. "दादा," म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी नवी कॉइल भरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट, रेशमासारखी. दाढीवाल्याने पाहिली असती तर नाचला असता. दुसरी भरताना मोटर ठिणग्या टाकायला लागली. आतले कार्बनचे ब्रश झिजले असणार. दात आवळून मेन खाली केला, मोटर उघडली, आणि दोन्ही हात आत घातले.

उंबऱ्यावर आई उभी होती. हातात ट्रे, चहा, बिस्किटं. ती उंबरा ओलांडून आत आली. सात वर्षांत पहिल्यांदा.

"एक सांगू? चिडणार नाहीस ना?"

"बोल की."

"रोज दुपारी तू इथून ओरडतोस ना, आई, बंद कर… मी ऐकते रे. सात वर्षं ऐकते. काय बंद करू, कधी विचारलं नाही. म्हटलं, पोराचं मन हलकं होत असेल. फक्त दादाचा आवाज काढत जाऊ नकोस."

"आई… मी कधीच…"

"काल संध्याकाळपासून गप्प होतास. बरं वाटलं मला. म्हटलं, सुटलं एकदाचं." तिने ट्रे सावरला. कप किणकिणले. "आणि आत्ता पुन्हा."

"आत्ता… काय म्हणालो?"

"विसरलास पण? म्हणालास, आई, चालू कर."

मी हललो नाही. हलायचं सुचलं नाही. "मग… तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, माझे हात गुंतलेत बाबा. तुझं तूच कर."

खट् झालं तेव्हा आईचे दोन्ही हात ट्रेला होते. माझे दोन्ही मोटरीत.