तांडेल दौऱ्यावर आहेत

सोमवारी सकाळी उत्तरा छापखान्याचं दार उघडून टेबलाशी बसते न बसते, तोच एक उंच तरुण आत आला आणि त्याने कागदात गुंडाळलेलं एक पुडकं तिच्यासमोर ठेवलं. कागद आपोआप सुटला. आत कॅनव्हासचे बूट होते... म्हणजे आदल्या दिवसापर्यंत असावेत. आता नुसता काळा गाळ होता आणि त्यातून दोन नाड्या बाहेर आल्या होत्या.

उत्तरा खुर्चीसकट मागे सरकली.

"तांडेल आहेत का?" त्याने अगदी अदबीने विचारलं.

"ते... दौऱ्यावर आहेत."

"असणारच. मनोरीला नसावेत म्हणजे मिळवली. काल दुपारी चारला तिथून परत फिरा, असं छापलं होतं त्यांनी. चारला मी निघालो. पाणी माझ्या आधीच निघून गेलं होतं."

हे सांगताना तो हसत होता, हा दुसरा धक्का. माणूस चिडला असता तर तिला काय बोलावं ते सुचलं तरी असतं.

तर हे तांडेल कोण, ते आधी सांगायला हवं. अंधेरी स्टेशनपासून चार पावलांवर उत्तराच्या वडिलांचा, अण्णांचा छापखाना होता आणि तिथून दर शनिवारी त्यांचं चार पानी साप्ताहिक निघायचं. त्यातली तीन पानं लोक अण्णांच्या भिडेखातर वाचत. चौथ्या पानावर मात्र 'एका दिवसाचं बेट' हे सदर असे, आणि त्यासाठी पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंतचे नोकरदार अंक विकत घेत. आज मढ, पुढच्या खेपेला गोराई, कधी घारापुरी. कसं जायचं, काय बघायचं आणि मुख्य म्हणजे किती वेळ थांबायचं. हातात एकच रविवार असलेल्या माणसाला हे तासांचं गणित फार मोलाचं. खाली सही असे, 'तांडेल'. गलबत हाकणारा, उन्हाने रापलेला, पांढऱ्या मिश्यांचा कुणी म्हातारा वाचकांच्या डोळ्यांसमोर उभा राही.

तो म्हातारा म्हणजे बावीस वर्षांची उत्तरा. आणि ती जन्मात एकदाही होडीत बसलेली नव्हती!

तिच्या पत्रिकेत जलघात होता. पाण्यापासून जिवाला धोका. त्यामुळे विहिरीत वाकायचं नाही, समुद्रात पाऊल घालायचं नाही, होडीचं तर नावच काढायचं नाही. अण्णा अग्रलेखातून अंधश्रद्धेवर आसूड ओढत, पण लेकीला वेसाव्याच्या वाळूवर पाठवायची त्यांची छाती नव्हती. मग मुलगी खुर्चीत बसून बेटं फिरायची. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या दशरथची सासुरवाडी मनोरीची. तो माहिती पुरवायचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हेही त्यानेच शिकवलेलं. उत्तरा पंचांग उघडायची, हिशेब करायची आणि लोकांना बिनदिक्कत बेटावर धाडून द्यायची.

पाहुणा गेल्यावर तिने अंक चाळला. चूक तिथेच सापडली. मनोरीचा मजकूर तिने कार्तिकातल्या षष्ठीच्या रविवारासाठी लिहिला होता. दिवाळीला गावी गेलेली माणसं उशिरा परतली, अंक आठवडाभर लांबला, आणि मजकूर आहे तसा त्रयोदशीच्या रविवारसाठी छापला गेला. आठ दिवसांत भरतीच्या जागी ओहोटी येते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तांडेलला कळलं नाही.

तिने हे कुणालाही सांगितलं नाही. इथेच तिचं खरं चुकलं.

पुढच्या सोमवारी तो परत आला. नाव श्यामसुंदर परब. सांताक्रूझला विमानतळावरच्या हवामान कचेरीत पहाटे फुगा सोडून वारा मोजायचा आणि मग जोगेश्वरीच्या खोलीवर जाऊन झोपायचं, हा त्याचा दिनक्रम. झोपायच्या आधी अंधेरीला उतरून तो तांडेलसाठी टिपणं देऊन जाऊ लागला. मार्व्याची तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, कधी सुटते, गोराईला गोडं पाणी कुठे मिळतं, वाळू दुपारी किती तापते. सदर सुधारलं, अंकाचा खप वाढला. आणि सोमवारी उत्तरा आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहते, हे दशरथच्यासुद्धा ध्यानात आलं.

"गोराईला किती वेळ द्यावा?" एकदा तिने वही उघडून विचारलं.

"बघायचं म्हणाल तर दीड तास."

"आणि उरलेला दिवस?"

"ते बरोबर कोण आहे त्यावर. मी एकटा गेलो होतो, म्हणून दीड तास म्हणालो."

"मग तांडेलांना काय कळवू?"

"कळवा, की माणसाने आधी सोबत ठरवावी... मग वेळ."

उत्तराने मान खाली घालून 'दीड तास' एवढंच लिहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तो मात्र खिडकीबाहेर बघत उभा होता, जसं काही आपण वाऱ्याबद्दलच बोललो.

असे दोन महिने गेले. आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत, हे तिने एका सोमवारी स्वतःशी कबूल केलं, कारण तो अर्धा तास उशिरा आला आणि तेवढ्यात तिने तीन वेळा दाराशी जाऊन पाहिलं होतं. त्या दिवशी तो बसला नाही. टोपी हातात फिरवत उभा राहिला. म्हणाला, येत्या रविवारी तांडेलांना घरी जेवायला आणायचं आईने फर्मान काढलं आहे. आंबोळ्या करणार आहे ती.

"ते... नाही येऊ शकणार," उत्तरा म्हणाली.

"यायलाच हवं. माझं काम आहे त्यांच्याकडे." तो थांबला. मग एका दमात बोलून गेला. "तुमच्या घरी शब्द टाकायला माझ्या ओळखीत वडीलधारं असं दुसरं कुणी नाही. तुम्ही त्यांच्या हाताखाली काम करता. त्यांचं अण्णा ऐकतील. म्हणून म्हटलं... तुमची हरकत नसेल तर."

उत्तराला वाटलं, छापखान्यातली सगळी यंत्रं एकदम थांबली. ज्या शब्दांसाठी दोन महिने जीव टांगणीला लागला होता, ते समोर येऊन उभे होते, आणि ते पोचवायचे होते एका नसलेल्या म्हाताऱ्याकडून. हसावं की रडावं! हो म्हणायला तिची जीभ वळली... पण त्याच्या त्या भाबड्या चेहऱ्याकडे बघून तिला आणखी एकही खोटं बोलवेना.

"तांडेल मीच आहे," ती म्हणाली.

तो हसायच्या बेतात होता. मग त्याला ते खरं वाटलं. "तुम्ही? मग होडीतून... एकट्या जात होता?"

"गेलेच नाही कधी. पत्रिकेत जलघात आहे म्हणून मला बंदी आहे. सगळं इथे बसून लिहिलं. मनोरीची चूकही माझीच. अंक लांबला आणि वेळ बदलायची राहिली. तुम्ही बूट ठेवलेत त्याच दिवशी मला कळलं होतं."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं ते तिला दिसलंच नाही, नुसतं नाहीसं झालेलं दिसलं.

"त्या दिवशी आई होती माझ्याबरोबर," तो म्हणाला. "गावाहून नुकती आलेली. इथला दर्या बघायचा म्हणून हट्ट धरला होता तिने. त्या गाळात ती पडली. मी पाठीवर घेऊन बाहेर काढली. तिचा गुडघा अजून धड नाही. हे सांगायलाच आलो होतो. पण तुमचा घाबरलेला चेहरा पाहिला आणि म्हटलं, या बिचारीचा काय दोष."

"मला... माहीत नव्हतं."

"दर्यावर फिरलेल्या म्हाताऱ्याची चूक होती, उत्तराबाई. होते एखादी, म्हणून मी सोडून दिली. खुर्चीत बसून केलेली कशी सोडू?"

तो टोपी घालून निघून गेला. पुढच्या सोमवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तेव्हा तिने पुढचं सदर लिहिलं. सरळ, काहीही न लपवता. तांडेल ही बाई आहे, ती कधी होडीत बसलेली नाही, मनोरीला तिच्यामुळे एका माउलीला दुखापत झाली, त्या माउलीची आणि सगळ्या वाचकांची ती क्षमा मागते. येत्या रविवारी सकाळी नऊला ती वेसाव्याहून होडीने मढला जाणार आहे. आजवर किती वेळ थांबायचं ते तिनेच सांगितलं. या वेळी तिला स्वतःला ते माहीत नाही.

अण्णांनी मजकूर वाचला आणि चष्मा काढून ठेवला. अंकाची अब्रू जाईल, म्हणाले. उत्तरा म्हणाली, जाऊ दे. मग ते खालच्या ओळीवर आले, होडीच्या, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पत्रिकेचं काय, असं त्यांना विचारायचं होतं. पण आयुष्यभर जे छापलं त्याने त्यांचं तोंड धरून ठेवलं. ते उठले आणि कागद स्वतःच दशरथच्या हातात देऊन आले.

रविवारी उत्तराची आई देवापुढे बसून राहिली, चहालासुद्धा उठली नाही. उत्तरा एकटीच निघाली. ती वेसाव्याच्या धक्क्याशी पोचली. श्यामसुंदर कुठेच नव्हता. मासळीच्या पाट्या, वाळत घातलेली जाळी, डुलणाऱ्या होड्या... आणि काठीचा आधार घेऊन उभी असलेली नऊवारीतली एक म्हातारी.

"तांडेल तूच काय गो?" म्हातारीने विचारलं.

उत्तराची नजर तिच्या गुडघ्याकडे गेली आणि ती तिथेच, भर धक्क्यावर, पाया पडायला वाकली. म्हातारीने तिला दंडाला धरून उठवलं. श्याम पहाटेच पलीकडे गेलाय, तिने सांगितलं. म्हणाला, तिला यायचं असेल तर ती पाणी ओलांडून येईल, मी हात धरून आणणार नाही.

"तो नाय धरणा, तर मी धरतंय," म्हातारी म्हणाली आणि उत्तराचं मनगट घट्ट पकडून होडीत उतरली.

होडी हलली. उत्तराने डोळे मिटले. तेवढ्यात धक्क्यावरून कुणीतरी हाका मारत धावत आलं, तरीवाल्याने वल्हं रोखलं, आणि धोतराचा सोगा सावरत खुद्द अण्णा होडीत येऊन कोसळले. त्यांना दम लागला होता. लेकीने काही विचारायच्या आत ते म्हणाले, "घात व्हायचा असेल तर दोघांचा होऊ दे."

खाडी केवढीशी, पाच मिनिटांची. पण त्या पाच मिनिटांत अण्णांची नखं तिच्या दंडात रुतली होती आणि दुसऱ्या बाजूने म्हातारी शांतपणे गावच्या गजाली सांगत होती. पाण्याचा एक फवारा उत्तराच्या तोंडावर आला. तिने दचकून डोळे उघडले. सगळीकडे पाणी होतं, आणि ती जिवंत होती! इतकी जिवंत ती कधीच नव्हती.

पलीकडे श्यामसुंदर गुडघाभर पाण्यात उभा होता. होडी टेकायच्या आधीच उत्तरा उतरली. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं, साडी जड झाली. दोघांत दोन हातांचं अंतर राहिलं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "त्यांना गाळात मी उभं केलं. आणि कळल्यावरही गप्प बसले, ते जास्त चुकलं."

"आईने शनिवारी अंक वाचून घेतला माझ्याकडून. तिथल्या तिथे माफ केलं तिने." त्याने मान वळवून पाण्याकडे पाहिलं. "मला मात्र अख्खी रात्र लागली. वाटलं, तुम्ही याल की नाही. आणि आलात तर... काही झालं तर. उजाडल्यापासून या पाण्यात उभा आहे मी."

"मग आता?"

"आता ऐक." पहिल्यांदाच त्याने तिला अगंतुगं केलं. "आमचं गाव खाडीपल्याड आहे. तर सोडली तर दुसरी वाट नाही. नवरीसुद्धा होडीनेच येते. तुझ्या पत्रिकेत काय आहे ते अण्णांनी आता सांगितलं तरी मला चालेल, पण तू सांग. येशील?"

मागे होडीत अण्णा उभे राहिले होते. ते काही बोलणार, हे तिला न बघताही कळलं. भीती होतीच, ती कुठे जाते. पण त्या भीतीपेक्षा हा समोर ओलाचिंब उभा असलेला माणूस तिला हवा होता.

"येईन," ती म्हणाली. "आणि दर वेळी होडीत भिईन. ते चालवून घ्यावं लागेल."

अण्णांनी मटकन बसकण मारली, तशी होडी गदागदा हलली. श्यामसुंदर नुसता तिच्याकडे बघत राहिला, तोंड उघडं टाकून, इतका वेळ की शेवटी होडीतून त्याची आई करवादली.

"अरे, बघतंस काय? आधी त्या पोरीक पाण्यातसून वर तरी घे. आणि मगे तिच्या बापाशीक."

तेव्हा कुठे त्याने हात पुढे केला.