पाच चाळीसचा सेल्फ

"भीमराज, असशील तसा ये. ज्ञानेशच्या इंजिनाची कोणीतरी वाट लावलीय."

रविवारचे सकाळचे साडेसात. जानेवारीचा गारठा असा, की गॅरेजचं शटर उचलायला हात खिशातून बाहेर निघेना. दुसऱ्या कोणाचा फोन असता तर भीमराजने आधी चार टोमणे मारले असते. पण बोलत होते ज्योतीरामकाका आणि गाडी होती ज्ञानेशची. ज्ञानेश त्यांचा एकुलता एक. चाकणला जाताना मोशीजवळ एका कंटेनरखाली गेला, त्याला तिथीने उद्या वर्ष होत होतं. त्या दिवशी तो मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसला होता. गाडी दारातच राहिली, म्हणून शाबूत होती.

पिंपळे गुरवच्या त्या गल्लीत भीमराज पोचला तेव्हा काका बॉनेट उघडून उभे होते. अंगावर अजून वॉचमनचा युनिफॉर्म. निघोज्याच्या एका गोदामावर त्यांची रात्रपाळी असायची, सातनंतर ते घरी यायचे.

"दर रविवारी आलो की सुरू करतो. बॅटरी मरू नये म्हणून," काका म्हणाले. "महिनाभर झाला, सुरू केली की खडखड, खडखड! डब्यात खिळे हलवल्यासारखी. दोन मिनिटांनी कमी होते. आणि पेट्रोल बघ. दिवाळीत दहा लिटर टाकलं होतं, आता काटा तळाला."

"गाडी किती फिरली?"

"तसूभर नाही. किलोमीटर कॅलेंडरवर लिहून ठेवलेत."

"मग पेट्रोल गेलं कुठे?"

काकांनी जिन्याकडे बोट केलं. तिथे सुजित उभा होता, पायाशी बॅग. कौशल्याकाकूंच्या बहिणीचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी लातूरहून आला, भोसरीत दुपारच्या शिफ्टला लागला आणि वरच्या खोलीत राहिला. अंगाने उंटासारखा उंच, तोंडाने मुका.

"त्याच्या मोटरसायकलच्या टाकीत गेलं," काका म्हणाले. "घरातला चोर. आजच्या आज चालता हो म्हटलंय. उद्या माझ्या पोराचं वर्षश्राद्ध, त्याला हा दारात नको."

स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज झाला. काकू काही बाहेर आल्या नाहीत.

भीमराजने आधी इंजिनावर हात ठेवला आणि तो थबकला.

"काका, आज सुरू केली होती?"

"नाही. आज कंपाउंडपासूनच वास आला पेट्रोलचा, म्हणून थेट तुला फोन केला."

इंजिन कोमट होतं. बाहेर टपावर दव साचलेलं आणि आत इंजिन कोमट. भीमराजने तेल मोजायची पट्टी ओढली. तेल खुणेच्या बोटभर वर! नाकाशी धरलं, तर पेट्रोलचा भपकारा. तेलाचं झाकण उघडलं, तर आत पिवळट साय धरलेली.

"तेल कोणी ओतलं?"

"कोणीच नाही."

"दर रविवारी सुरू करताना चोक ओढता?"

"लागतच नाही. पहिल्या सेल्फला उचलते."

एवढ्या थंडीत, सत्तावीस वर्षांची कार्बोरेटरची गाडी, आणि बिनचोकची सुरू? भीमराजच्या कपाळावर आठी पडली. तो आत बसायला गेला, तर गुडघे स्टिअरिंगला अडकले. सीट पार पुढे ओढलेली.

"सीट अशी कोणी केली?"

काकांचा आवाज खाली आला. "मला काय ठाऊक. मी बसत नाही तिथे. बाहेरूनच वाकून चावी फिरवतो. त्याच्या जागेवर बसवत नाही रे."

भीमराजने चावी मागितली. चावीच्या खाचेत काहीतरी पांढरं वाळून बसलं होतं. त्याने नखाने खरवडलं, बोटावर चोळलं. मग सुजितला बाजूला घेतलं.

"पेट्रोल तू काढलंस?"

"नाही."

"मग कोणी?"

सुजितने स्वयंपाकघराकडे बघितलं.

"सकाळी गाडीचा आवाज ऐकतोस?"

"भाऊ, मला विचारू नका."

"अरे, घराबाहेर काढतायत तुला!"

"काढू देत," सुजित म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. भीमराजला हवं होतं ते कळलं. ते कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटलं.

त्याने काकूंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. भीमराजच्या छातीपर्यंत येतील एवढीच त्यांची उंची.

"काका, चोर टाकीतून पेट्रोल काढतो. काढून इंजिनात ओतत नाही," भीमराजने सुरुवात केली. "तेलात पेट्रोल उतरतं ते एकाच प्रकारे. गार इंजिन चोक ओढून, म्हणजे जादा पेट्रोल सोडून, सुरू करायचं, आणि पुरतं तापायच्या आत बंद करायचं. रोज. न जळालेलं पेट्रोल तेलात झिरपतं, तेल पाण्यासारखं पातळ होतं, आणि मग वरचे भाग कोरडेच एकमेकांवर आपटतात. तीच तुमची खडखड. झाकणाखालची साय पण त्यातलीच, आतली वाफ उडायला वेळच मिळत नाही. गाडी जागची हलत नाही, म्हणून किलोमीटर तेवढेच. आणि तुम्ही यायच्या आधी कोणीतरी इंजिन ऊबदार करून ठेवतं, म्हणून तुम्हाला चोक लागत नाही."

"कोण?"

"तुम्ही सहा फुटी. सुजित तुमच्याहून उंच. सीट मात्र पुढे ओढलेली. आणि चावीवर ज्वारीचं पीठ आहे, काका. पहाटे भाकरी थापता थापता उठून आलेल्या हाताचं."

काका बायकोकडे बघत राहिले.

"पाच चाळीसला," काकू म्हणाल्या. त्यांनी आढेवेढे घेतलेच नाहीत. "फस्ट शिफ्टला निगायचा ना त्यो, त्याच टायमाला. पाच मिन्टं चालू ठिवते अन् बंद करते. कसं करायचं ते त्यानंच शिकवलं हुतं मला. मला वाटलं, रोज चालू केली तर चांगली ऱ्हाईल. तिला रोज सुरू व्हता आलं पाहिजे."

"अगं, पण कशाला?"

"त्या दिवशी झाली न्हाई म्हणून!" काकूंचा आवाज फाटला. "धा वेळा चावी फिरवली त्यानं. नुसतं कुईकुई. मीच म्हटलं, कंपनीत पंचिंगला उशीर व्हतोय, जा त्या दोस्ताच्या गाडीवर. मी धाडलं हो त्याला. मी."

सुजित खाली मान घालून म्हणाला, "मावशी रोज सीटवर बसून रडते, काका. मी कसं सांगणार होतो?"

काकांनी सुजितच्या बॅगेकडे बघितलं. त्यांनी ती बॅग उचलली आणि पुन्हा वरच्या खोलीकडे दोन पायऱ्या चढवून ठेवली.

उकल झाली होती. भीमराजने पाने-पकडी गुंडाळून निघायला हरकत नव्हती. तेवढ्यात काकूंनी विचारलं, "तुला इंजिनातलं समदं कळतंय. मग सांग, त्या दिवशी का नव्हती झाली सुरू?"

खोटं बोलता आलं असतं. जुनी गाडी, थंडी, नशीब. कोणाला काय कळणार होतं?

"माझ्यामुळे, काकू."

"आं?"

"आदल्या सोमवारी त्याचा फोन आला होता मला. म्हणाला, भाऊ, गारठ्यात सेल्फ ओढत नाही, बॅटरीचं बघतोस का? बॅटरीची टोकं गंजली असणार, एवढंच होतं ते. मी म्हटलं, आता गर्दी आहे, रविवारी आण. तो गुरुवारी गेला."

"किती येळाचं काम हुतं?"

"दहा मिनिटांचं."

"धा मिन्टं," काकू म्हणाल्या. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि छाती पिटून मोठ्याने रडायला लागल्या. शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या. सुजित त्यांच्याजवळ बसला आणि त्यांचे हात धरून राहिला. भीमराजला कोणी जा म्हटलं नाही की थांब म्हटलं नाही.

बऱ्याच वेळाने काकांनी बॉनेटवर हात टेकला.

"इंजिन वाचेल?"

"वाचेल, काका. तेल बदललं आणि रोज थोडी फिरवली की वाचेल."

"मग तेवढं तरी वाचव," काका म्हणाले.