धुरपताकाकीचा टीव्ही

आचल, तो मोबाइल ठेव बाजूला. लाइट गेलीच आहे तर ऐका पोरांनो. ही माझ्या दोस्ताची, हेमराजची गोष्ट; त्यानेच मला सांगितलेली. साल दोन हजार चार, पोळ्याच्या अमावास्येची रात्र, कोहमाऱ्याच्या अलीकडचं आपलंच गाव.

हेमराज तेव्हा औषध कंपनीत होता. कंपनीने त्याला तळहाताएवढा कॉम्प्युटर दिला होता. त्याच्या टोकाला काळी काच. तिच्यातून न दिसणारे किरण निघत आणि कुठलाही टीव्ही रिमोटसारखा चालू-बंद होई. मग काय, माकडाच्या हाती कोलीत! पानठेल्यावर ऐन मॅचमध्ये टीव्ही बंद करायचा आणि साळसूदपणे पान चघळत उभं राहायचं.

त्या रात्री आई म्हणाली, "धुरपताकाकीच्या घरी यंदा सण नाई. पोळ्या देऊन ये, बाबू."

काकीचा नवरा केशोराव उन्हाळ्यात वारला होता. ती एकटीच टीव्हीपुढे बसलेली. खिडकी सताड उघडी. हेमराजचा हात शिवशिवला. बाहेर चिखलात उभं राहूनच त्याने बटण दाबलं. टीव्ही बंद. पुन्हा चालू. पुन्हा बंद, पुन्हा चालू.

काकीने डोक्यावर पदर घेतला. "आले का जी तुमी?"

हेमराजने तोंडावर हात धरून हसू दाबलं.

"त्या शेवटच्या राती तुमी पाणी मांगत होते, अन् मी टीवी पाहून राहिली होती. आयकूच नाई आलं जी मले... राग नसन, तं बंद करा."

हेमराजची कानशिलं लाजेने तापली. आत जाऊन खरं सांगायला जीभ रेटेना. निदान टीव्ही तरी बंद करावा... त्याने बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. कॉम्प्युटरचा पडदा काळा. बॅटरी संपलेली.

काकी वाट बघत होती. डोळे वाहत होते...

टीव्ही बंद झाला.

घरातला बल्ब मात्र तसाच जळत होता.

हेमराज आत गेला. काकी हसत होती. "तुहे काका आले होते रे. राग नाई म्हणते."

आधीचं पाप आपलं, हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही. मान खाली घालून पोळ्यांचा डबा ठेवला आणि निघाला. अजूनही हे सांगताना तो माझ्याकडे बघत नाही.

बाहेर येऊन त्याने टॉर्च लावला. खिडकीखाली त्याच्या बुटांचे ठसे. त्यांना अगदी लागून... दोन अनवाणी पावलं. येतानाचा ठसा नाही. जातानाचा नाही.

बोटं खिडकीकडे नव्हती. हेमराज उभा होता, तिकडे होती.