पहिली कमेंट सुंदरम्माची

"...'अनयनं छत्री मिटली. तिच्या भिजलेल्या बटेवरून एक थेंब निघाला आणि...' आणि मग... मग ती दोघं आपापल्या घरी गेली. भाग संपला, आई."

"एक वाक्य गाळलंत तुम्ही," मी म्हणाले.

म्हणाले आणि जीभ चावली. काउंटरपलीकडचा तो उन्हानं रापलेला माणूस फोन तळहातानं झाकून माझ्याकडे बघत राहिला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"आईला असलं कसं वाचून दाखवायचं ओ?" तो कुजबुजला. मग एकदम, "तुमी पण शर्वरी वाचता व्हय?"

"वाचते... कधीमधी."

कधीमधी! ते वाक्य मी आदल्या दिवशी याच काउंटरवर, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये, चटणी जोखता जोखता लिहिलं होतं. मोबाईलवरच्या कथांच्या अ‍ॅपवर रोज एक भाग टाकणारी शर्वरी म्हणजे मीच. पण हे सोलापुरात कुणालाच माहीत नव्हतं. घरी मी धनलक्ष्मी. अव्वाच्या, म्हणजे आईच्या, कडक भाकरीच्या दुकानात भाकऱ्या बांधून देणारी, वय वर्षं सत्तावीस, स्थळं बघणं चालू.

त्याचं नाव अभिमन्यू. टेंभुर्णीचा. ठिबक सिंचनाच्या कंपनीत होता, आठवडाभर कुणाच्या ना कुणाच्या बांधावर. आमची कडक भाकरी महिनाभर टिकते, म्हणून दर शुक्रवारी गठ्ठा न्यायचा. त्याच्या आईला, मुक्ताबाईंना, बारीक अक्षर दिसायचं नाही. म्हणून रोज सकाळी दहाला भाग आला की हा फोनवरून वाचून दाखवायचा. आपल्या सख्ख्या आईला प्रेमकथा वाचून दाखवणारा गडी मी पहिल्यांदाच बघितला. मला तो तिथंच आवडला, उगाच आढेवेढे कशाला घेऊ!

"यार बंदार?" आतून अव्वानं कानडीत विचारलं. कोण आलंय म्हणून.

"गिऱ्हाईक," मी म्हणाले. आवाज जरा जास्तच गोड निघाला असणार, कारण अव्वा पिठाच्या हातानं बाहेर येऊन बघून गेली.

पुढचे शुक्रवार लांब वाटायला लागले.

"आई विचारत हुती, ह्या शर्वरीचं लगीन झालंय का?"

"तुमच्या आईला कशाला पंचाईत?"

"मलाबी हाय की थोडी."

"मग तिलाच विचारा."

"इचारलं असतं. पण एक्केचाळीस हजार लोक तिच्या मागं... आपला नंबर कवा लागायचा?" आणि हसायचा. हसताना डाव्या गालावरची चटणी तशीच. या माणसाला शेंगाची चटणी नीट खाता येत नव्हती. चव बघायला चिमूटभर द्यावी, तर निम्मी शर्टावर.

एक्केचाळीस हजार. आकडा खरा होता. पण त्यामागची गंमत फक्त मला ठाऊक. रोज दहाला भाग टाकला की मी पहिल्या कमेंटची वाट बघत बसायचे. पहिल्या दोन कमेंट वाईट आल्या की पुढचे सगळे त्याच सुरात गातात, हे मी एकदा सोसलं होतं. तेव्हापासून मी एक दुसरं खातं काढलं होतं. सुंदरम्मा, वय अठ्ठावन्न, मुक्काम अक्कलकोट. भाग टाकायचा, शर्वरीच्या खात्यातून बाहेर पडायचं, सुंदरम्माच्या खात्यात शिरायचं आणि स्वतःचं पोटभर कौतुक करायचं. लोकांना सुंदरम्मा इतकी आवडायची, की कधीकधी माझ्यापेक्षा तिलाच जास्त बदाम मिळायचे!

हसू नका. तुम्ही रोज अनोळखी माणसांपुढं काळीज काढून ठेवून बघा, मग कळेल.

एका शुक्रवारी अभिमन्यू म्हणाला, "आई म्हणती, पोरगी लिहिती झ्याक. पण हिनं सोता प्रेम केल्यालं न्हाय."

माझ्या हातातली दोरी सुटली. "कशावरून?"

"तो अनय लई शाणा हाय म्हणं. कवा चुकत न्हाय, कवा घाम येत न्हाय. असला गडी कुटं असतोय?"

मनाला लागलं. कारण खरं होतं. मी तीन वर्षं प्रेमावर लिहीत होते आणि मला प्रेमातलं ओ की ठो कळत नव्हतं. लोकांना हे कधीतरी कळेल, याच भीतीनं तर सुंदरम्मा जन्माला आली होती.

दुसऱ्या दिवसापासून माझा अनय बदलला. शर्टावर चटणी सांडायला लागला. बोलता बोलता अडखळायला लागला. लिहिताना मला पहिल्यांदाच... सांगूनच टाकते, सुख वाटलं. आणि वाचक? ते बिघडले. 'आमचा अनय असा नव्हता.' 'कथा पाणचट झाली.' तारे भराभर खाली.

त्या गडबडीत व्हायचं ते झालं. बुधवारी भाग टाकला, एवढ्यात लग्नाचं मोठं गिऱ्हाईक आलं. दोनशे भाकऱ्या बांधून दिल्या आणि घाईघाईनं कमेंट लिहिली: 'शर्वरी, पोरी, काय लिहितेस गं! डोळे भरून आले. तुझी दृष्ट काढायला हवी. सुंदरम्मा, अक्कलकोट.'

खातं बदलायचं राहिलं होतं. कमेंटवर नाव झळकत होतं शर्वरीचं. खाली सही सुंदरम्माची.

दुपारपर्यंत त्याचे फोटो सगळीकडे फिरले. 'स्वतःची दृष्ट स्वतःच काढा ताई!' हसणाऱ्या चेहऱ्यांची नुसती रांग. मी कमेंट काढली, कथा थांबवली. ठरवलं, शुक्रवार होऊ दे, एकदा त्याला भेटते, मग शर्वरीचं खातं कायमचं बंद. त्याला तरी काय वाटलं असेल? खोटारडी बाई!

शुक्रवारी तो आला. तोंड उतरलेलं.

"आई दोन दिस झालं नीट जेवली न्हाय. कथा बंद पडली म्हणून."

"ती कमेंट... त्यांना वाचून दाखवलीत?"

"दाखवली की."

"हसल्या असतील."

"न्हाय. म्हणाली, बरं केलं पोरीनं. आई सांगती, घरात सगळी मुकाट्यानं जेवून उठत्यात. मग तीच एकटी आमटी चाखून म्हणती, झकास झालीय गं मुक्ता!" तो थांबला. "मला म्हाईतच नव्हतं ओ. तीस वर्सं जेवतोय तिच्या हातचं."

माझे डोळे कधी भरले कळलंच नाही. खोटं बोलायला बराच वाव होता. पण आता नको वाटलं.

"अभिमन्यू... ती मीच. शर्वरी. आणि सुंदरम्मापण."

तो गठ्ठ्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. मी मनात म्हटलं, गेला हा.

"म्हंजे," तो सावकाश म्हणाला, "अनयच्या शर्टावरची ती चटणी..."

"तुमचीच."

"मला तो नवा अनय लई आवडला हुता," तो खाली बघत म्हणाला. "म्हटलं, असल्या धांदरटाला बी कुणी पसंत करतंय, तर आपणबी इचारून बघावं... कुणालातरी."

"कुणाला?"

"हितं दर शुक्रवारी भाकरी कशाला नेतोय मी? मागच्या तीन आठवड्यांच्या तशाच पडल्यात खोलीवर."

मी हसले. रडता रडताच हसले. मग फोन काढून त्याच्यासमोर सुंदरम्माचं खातं पुसून टाकलं. अनयचा अर्धा राहिलेला भाग उघडला, शेवट लिहिला. तो समोर उभा होता, आणि मला शब्द शोधावे लागले नाहीत. भाग टाकला.

"पण भीती वाटते," मी म्हणाले. "आता पहिली कमेंट कुणाची येईल, कशी येईल..."

"एक करू. वाईट तेवढ्या मी वाचतो. चांगल्या तू वाच."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. त्याच्या लक्षात आलं आणि कान पुन्हा लाल झाले.

"नको," मी म्हणाले. "दोन्ही मीच वाचीन. तू फक्त शेजारी बस."

त्यानं काउंटरची फळी उचलली आणि आत आला.